सामाईक पेटीतली बुरशी

माझ्या वडिलांची आणि डॉक्टरचाचांची मिळून एक सिगारची पेटी होती. अशा पेटीला ह्युमिडॉर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरात तिला नुसतं पेटी म्हणायचे. शिसवी रंगाची, वरून चकचकीत, आतून तांबूस लाकडाची. झाकणाच्या आतल्या बाजूला पितळेची जाळीदार डबी बसवलेली होती आणि तिच्यात स्पंज. स्पंज ओला ठेवला की आतल्या सिगारी मऊ राहतात, आमच्याकडच्या उन्हाळ्यातही वाळून त्यांचा भुगा होत नाही.

वडील वकील होते. खडकेश्वरला आमचं घर, आणि त्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस. डॉक्टरचाचा दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना सिटी चौकाजवळ, वरच्या मजल्यावर राहायचं घर. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर उर्दूतून शिकले होते. त्यामुळं वडील मराठी बोलता बोलता मध्येच उर्दूत शिरायचे आणि चाचा उर्दू बोलता बोलता मराठीत यायचे. लहानपणी मला वाटायचं की मोठ्या माणसांची भाषा अशीच असते.

पेटी त्यांच्याकडं कशी आली हे मी दोघांच्याही तोंडून ऐकलेलं आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर निजामाच्या नोकरीतले बरेच मोठे अधिकारी शहर सोडून गेले. अशाच एकाच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. वडील कायद्याच्या पुस्तकांसाठी काचेचं कपाट मिळतं का ते बघायला गेले होते, चाचा दवाखान्यासाठी खुर्ची बघायला. कपाट आणि खुर्ची दोन्ही आधीच गेली होती. उरलेल्या सामानात ही पेटी होती. दोघांनाही ती आवडली, एकट्याला परवडणारी नव्हती, म्हणून दोघांनी मिळून घेतली. तोवर दोघांपैकी कुणीही सिगार ओढलेली नव्हती. पेटी घेतली म्हणून ओढायला शिकले.

ती आमच्या घरी ठेवायची असं ठरलं, कारण चाचा दिवसभर लोकांना तंबाखू सोडा म्हणून सांगायचे आणि त्यांचा जिना दवाखान्यातूनच वर जायचा. पेटीच्या मधोमध लाकडाची एक पातळ फळी होती. डावी बाजू वडिलांची, उजवी चाचांची. हैदराबादच्या एका दुकानातून पार्सल यायचं आणि ते दोघांत वाटलं जायचं. रविवारी दुपारी जेवणं झाली की चाचा यायचे. मागच्या व्हरांड्यात दोघं एकेक सिगार ओढायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत बोलत बसायचे. माझ्या आईला तो वास आवडायचा नाही, पण ती कधी काही बोलली नाही. त्या वेळात ती झोप काढायची.

मी कॉलेजात होते तेव्हा हे सगळं थांबलं. कारण एक दात.

वडिलांची वरची दाढ दुखायला लागली. चाचांनी तपासली आणि काढून टाकली. दुखणं थांबलं नाही. चाचा म्हणाले, शेजारचीही खराब आहे, तीही काढावी लागेल. वडील म्हणाले, मग पहिली कशाला काढली? यावर त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वडील पुण्याला एका कामासाठी गेले होते, तिथल्या डॉक्टरकडून त्यांनी दुसरी दाढ काढून घेतली, आणि पहिली वाचली असती असं तो डॉक्टर म्हणाला, असं घरी येऊन सांगितलं. आईचं म्हणणं होतं की तो डॉक्टर तसं म्हणालाच नसेल, यांनी विचारलं असेल आणि त्यानं मान हलवली असेल.

वडिलांनी चाचांना रजिस्टर्ड नोटीस पाठवली. मसुदा स्वतः लिहिला आणि सही ज्युनियर वकिलाची घेतली, त्यामुळं नोटिशीत वडिलांचा उल्लेख 'आमचे अशील' असा होता. काही दिवसांनी चाचांच्या वकिलाचं उत्तर आलं. सर्व आरोप अमान्य, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि मसुदा चांगला आहे म्हणाले. पुढं त्यांनी दावा काही केला नाही. पण रविवार बंद झाले. पेटीला कुलूप लागलं, ती आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात गेली आणि किल्ली वडिलांच्या टेबलाच्या खणात. आई आणि चाची मात्र बाजारात भेटल्या की पूर्वीसारख्याच बोलायच्या. त्यांचं काही बिनसलं नव्हतं.

अशी चार वर्षं गेली असतील. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागले होते. त्या वर्षी पाऊस पुष्कळ झाला होता आणि त्यात आम्ही आतल्या खोलीच्या पलीकडं नवीन न्हाणीघर बांधून घेतलं होतं. दिवाळीच्या आधी आई कपाट आवरायला गेली तर तिच्या शालींना कुबट वास येत होता. तिनं शाली बाहेर काढल्या, कपाटाच्या डावीकडच्या भिंतीला हात लावला, तर भिंत ओली. वास सगळ्यात जास्त पेटीला येत होता. झाकणाच्या फटीतून पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं, पिठासारखं.

तिनं वडिलांना सांगितलं की पेटीत बुरशी आली आहे, एकतर साफ करा नाहीतर टाकून द्या.

वडील पेपर वाचत होते. ते म्हणाले, "ती सामाईक आहे. मला एकट्याला उघडता येणार नाही."

"मग दुसऱ्याला बोलवा," आई म्हणाली.

दुपारी आईनं मला सांगितलं की तुझी ड्युटी संध्याकाळची आहे, जाताना दवाखान्यात जा आणि डॉक्टरसाहेबांना सांग. वडिलांचं नाव काढू नको, मी निरोप दिलाय म्हण.

मी गेले तेव्हा खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलेला होता. चाचांनी मला बाकावर बसायला सांगितलं आणि काम करता करता माझ्या नोकरीची चौकशी केली, आईच्या गुडघ्यांची केली. वडिलांबद्दल काही विचारलं नाही. पेशंट गेल्यावर मी आईचा निरोप सांगितला. ते साबणानं हात धूत होते.

"कोणत्या रंगाची आहे बुरशी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बाहेरून पांढरी दिसते, आतलं माहीत नाही, पेटीला कुलूप आहे.

"कुलूप? म्हणजे त्यानं उघडलीच नाही?"

"नाही."

"इतकी वर्षं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी नळ बंद केला आणि टॉवेल घेऊन बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "बेटा, मला वाटलं होतं माझ्या वाटच्याही ओढून झाल्या असतील. त्यानं स्वतःच्याही ओढल्या नाहीत?"

मी म्हटलं, घरात तरी ओढलेल्या मी पाहिल्या नाहीत. मी निघाले तेव्हा म्हणाले, "भाभींना सांग, रविवारी येतो. स्पिरिट मी आणीन."

रविवारी ते आले. हातात त्यांची व्हिजिटची बॅग होती. वडील ऑफिसच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "या, बसा." आयुष्यभर एकमेकांना अरे-तुरे केलेली माणसं ती. चाचा म्हणाले, "बसायला नाही आलो, वकीलसाहेब. पेटी कुठं आहे?" वडिलांनी किल्ली आणून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. हातात दिली नाही.

मागच्या व्हरांड्यात आईनं वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. बुरशी नाकात जाते म्हणून तिनं दोघांना तोंडाला रुमाल बांधायला लावले, मलाही. कुलूप गंजलं होतं. शिलाई मशिनचं तेल घातल्यावर ते उघडलं.

आतलं दृश्य मला अजून आठवतं, कारण मला ते सुंदर वाटलं होतं. वडिलांच्या बाजूच्या बहुतेक सिगारींवर हिरवट निळ्या रंगाचे केसाळ ठिपके होते आणि कुठंकुठं ते ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते, वरच्या काहींवर नुसतं पांढरं होतं. फळीवर काळे डाग. चाचांच्या बाजूला बुरशी कमी होती, नुसती पांढरट पूड बसल्यासारखं दिसत होतं. कपाटात पेटीची डावी बाजू भिंतीला लागून होती, त्यामुळं ओल आधी तिकडून शिरली.

चाचांनी बॅगेतून कापूस, स्पिरिटची बाटली आणि दातांचे मऊ ब्रश काढले. एक एक सिगार उचलून ते बघू लागले. दोन-चार पाहून झाल्यावर म्हणाले, डावीकडच्या सगळ्या टाकाव्या लागतील.

वडील म्हणाले, सगळ्या नाही. वरच्या काहींवर जे पांढरं आहे ती बुरशी नाही, तो तेलाचा फुलोरा आहे. जुन्या चांगल्या सिगारीला असा फुलोरा येतो असं पेटी विकणाऱ्यानंच त्यांना सांगितलं होतं. चाचा म्हणाले, फुलोरा येतो हे खरं आहे, पण हा तो नव्हे. वडील म्हणाले, कशावरून? चाचा म्हणाले, मी रोज बघतो, मला कळतं. वडील म्हणाले, तुला काय कळतं ते मला माहीत आहे.

अरे-तुरे परत आलं होतं, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आई आतून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. हे भांडण पेटीचं नाही हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं. एक जण म्हणतोय खराब आहे, काढून टाक. दुसरा म्हणतोय चांगलं आहे, ठेव.

चाचांनी बॅगेतून भिंग काढलं आणि हातातली सिगार आणि भिंग दोन्ही वडिलांसमोर धरलं.

"तू बघ," ते म्हणाले. "फुलोरा असेल तर पूड दिसेल, पुसली की जाईल. बुरशी असेल तर तंतू दिसतील, आणि पुसल्यावर खाली डाग राहील. बघून तूच सांग."

वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगातून पाहिलं. मग ब्रश मागून घेतला, हलक्या हातानं फिरवला, परत पाहिलं. खाली डाग होता. त्यांनी ती सिगार टाकायच्या ढिगात ठेवली. दुसरी उचलली, तीही पाहिली, तीही ठेवली. असं करत करत डावीकडच्या सगळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं टाकल्या. उजवीकडच्या चाचांनी त्यांनाच बघायला लावल्या. त्यातल्या खालच्या थरातल्या काही खरोखर चांगल्या निघाल्या. त्या कोरड्या ब्रशनं साफ करून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. परत काही उगवतं का ते बघायचं होतं.

हे चाललं असतानाच चाचा म्हणाले, "ती दाढ मी तुला दाखवायला पाहिजे होती. काढली आणि बादलीत टाकली. तू बघितली असतीस तर तुला कळलं असतं."

वडील ब्रशचे केस बोटानं सरळ करत होते. "आणि खराब नसती तर?" त्यांनी विचारलं.

"तर मलाही कळलं असतं."

वडिलांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या नोटिशीची मुदत गेली. आता दावा करता येत नाही."

"माहीत आहे," चाचा म्हणाले. "माझ्या वकिलानं सांगितलं होतं."

त्या विषयावर त्या दोघांचं माझ्यासमोर झालेलं एवढंच बोलणं. आईनं चहा आणला.

पेटीची सफाई मात्र एका दिवसात झाली नाही. चाचांनी जुना स्पंज फेकून दिला, तो आतून काळा पडला होता. पितळेची डबी गरम पाण्यात उकळून घेतली. लाकूड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. बोळा ओला करायचा पण पिळून, कारण जास्त ओल लागली तर लाकूड फुगतं. डाग राहिले तिथं बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं घासला. घासताना लाकडाचा मूळ वास बाहेर आला, पेन्सिलीला टोक करताना येतो तसा, आणि आई पहिल्यांदाच म्हणाली की हा वास चांगला आहे. मग झाकण उघडं ठेवून पेटी व्हरांड्यात सावलीत ठेवायची होती. उन्हात ठेवायची नाही, असं चाचांनी मला बजावलं, नाहीतर झाकण वाकडं होईल आणि नीट बसणार नाही.

पेटी वाळली का ते बघायला चाचा दवाखाना बंद करून संध्याकाळचे येऊ लागले. पेटी बघायला क्षणभर लागायचा. नंतर ते बसायचे. वडील ऑफिसातून उठून यायचे आणि अशिलांना थांबायला सांगायचे, जे ते कधी कुणासाठी करत नसत. सिगार ओढायला नव्हती, त्यामुळं आई भजी करायची.

पेटी वाळल्यावर नवीन स्पंज बसवला. नळाचं पाणी आता घालायचं नाही, असं चाचा म्हणाले. त्यांनी दवाखान्यातलं डिस्टिल्ड वॉटर आणून दिलं. आतमध्ये त्या पाण्याची एक वाटी ठेवून झाकण लावलं, लाकडानं आधी स्वतःपुरती ओल धरावी म्हणून. मग पेटी परत कपाटात गेली, या वेळी उजव्या बाजूला, भिंतीपासून दूर.

दिवाळी झाली आणि बुरशी परत आली. डाव्या कोपऱ्यात, अगदी थोडी. वडिलांचा चेहरा पडला. मला वाटलं आता ते चाचांना काहीतरी बोलतील, तुझी सफाईच कच्ची होती वगैरे. पण ते मला म्हणाले, फोन करून सांग. चाचा आले, कोपरा बघितला आणि म्हणाले की आतलं अस्तर काढावं लागेल, बुरशी अस्तराच्या मागं राहिली आहे. मग वडिलांकडं बघून थांबले.

"काढ," वडील म्हणाले.

आतलं अस्तर पातळ पट्ट्यांचं होतं, खिळे नव्हते, नुसतं खाचेत बसवलेलं. चाचांनी दात काढायच्या हत्यारांतली एक बारीक पट्टी घेऊन डावीकडची अस्तराची फळी अलगद उचलली. मागची बाजू काळी झालेली होती. ती फळी कामातून गेली होती. औरंगपुऱ्यातल्या एका सुताराकडून त्याच मापाची देवदाराची नवीन पट्टी करून घेतली. रंगानं ती फिकी दिसायची. त्याच आठवड्यात गवंडी येऊन न्हाणीघराची भिंत उकरून गेला. पाइपचा सांधा गळत होता. कपाट आम्ही कायमचं रिकामं केलं.

मग पेटी ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. आईनं सुचवलं की आता काही वर्षं डॉक्टरसाहेबांकडं राहू दे. चाचांचा मुलगा दिवाळीपासून दवाखान्यात बसू लागला होता, आणि चाचा आता फक्त जुन्या पेशंटना बघायचे. त्यांनी चाचींना विचारतो म्हणून सांगितलं. चाची हो म्हणाल्या, पण गच्चीवरच ओढायची ही अट घातली. वडिलांनी पेटी टॉवेलमध्ये गुंडाळली आणि रिक्षानं स्वतः पोचवली. डब्यातल्या वाचलेल्या सिगारी चाचांच्या होत्या. त्यातल्या अर्ध्या त्यांनी वडिलांच्या बाजूला, डावीकडं ठेवल्या. वडील म्हणाले, या तुझ्या आहेत. चाचा म्हणाले, "ओल तुझ्या बाजूनं शिरली, त्यात तुझा काय गुन्हा?" वडिलांनी वाद घातला नाही. हे मला चाचींनी सांगितलं, मी तिथं नव्हते.

आता रविवारी वडील जाऊ लागले. माझं लग्न झालं, मी जालन्याला गेले, बदली घेऊन काही वर्षांनी परत आले. तोवर वडिलांच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती आणि त्यांची सिगार बंद झाली होती. चाचांना डॉक्टर म्हणून ते पटलं आणि त्यांनीही सोडली. म्हणजे पेटीत आता काही नव्हतं. तरी वडील रविवारी जायचेच. जेवण झालं की टोपी घालायची आणि निघायचं. आई विचारायची, आता तिथं जाऊन काय करता? ते म्हणायचे, बसतो.

चाची गेल्यावर चाचा मुलीकडं राहायला गेले. मुलगी सिल्लोडला दिलेली होती, जावयाचा मक्याचा व्यापार होता. वडील महिन्यातून एकदा एसटीनं तिकडं जायचे. आम्ही त्यांना एकटं पाठवायला नको म्हणायचो, ते ऐकायचे नाहीत. एकदा मला सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेले. चाचा ओसरीवर खाटेवर बसलेले होते. वडिलांना बघून उठायला लागले, वडिलांनी हातानंच बस म्हटलं आणि शेजारी जाऊन बसले. मुलीनं आम्हाला जेवायला वाढलं. दोघं पूर्वीइतकं बोलत नव्हते. मक्याची पोती उतरवणारे हमाल समोर दिसत होते, तिकडं बघत बसले होते. मध्येच एक जण शाळेतल्या कुणाचं तरी नाव घ्यायचा, दुसरा म्हणायचा तो वारला, आणि दोघं पुन्हा हमालांकडं बघायचे. ऊन ओसरीवर आलं तशी मुलीनं खाट आत सरकवायला सांगितलं. मी एका बाजूनं धरली, तिनं दुसऱ्या. दोघं उठून उभे राहिले, चाचांनी वडिलांचा खांदा धरला होता.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. वडील खिडकीशी बसले. फुलंब्री सोडल्यावर म्हणाले, "वाळलाय तो."

मी हो म्हटलं.

"पुढच्या महिन्यात त्याला चष्म्याची नवीन काच लागेल. जुनीवर चरे पडलेत. तू नंबर विचारून घेतलास का?"

मी विचारला नव्हता. त्यांच्या मुलीला फोन करून विचारते, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीची काच खाली ओढली. हर्सूल येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. मी त्यांची टोपी मांडीवर घेऊन बसले.